भिंतीवरचं बनारस

अलीकडे कोणाच्याही नव्या घरी गेलं की दिवाणखान्यात सोफ्याच्या वर एक जुना नकाशा हमखास दिसतो. पिवळट कागद, तपकिरी रेघा, कोपऱ्यात दिशा दाखवणारं फूल आणि मधून वळसे घेत गेलेली नदी. कधी थेम्सकाठचं लंडन, कधी सेनकाठचं पॅरिस, कधी व्हल्टावाकाठचं प्राग. यजमानांना "कुठलं हो हे?" असं विचारलं तर निम्म्या वेळा उत्तर येतं, "युरोपातलंच आहे काहीतरी. फ्रेम छान आहे ना?"

फ्रेम छान असतेच, त्याबद्दल वाद नाही. आणि नदीकाठची शहरं भिंतीवर खुलून दिसतात याला कारणही आहे. सरळ आखून वसवलेल्या शहराचा नकाशा लांबून शब्दकोड्याच्या चौकटीसारखा दिसतो. मध्ये नदी आली की रस्त्यांना वाकावं लागतं, घरं काठाकडे दाटी करतात, पूल असले तर ते टाके घातल्यासारखे दिसतात आणि डोळ्याला धरून चालायला एक रेघ मिळते. नदी नसलेल्या शहराच्या नकाशात नजर कुठून आत शिरेल आणि कुठून बाहेर पडेल याचा नेम नसतो. नदीच्या शहरात ती पाण्याबरोबर वाहत जाते. सजावटवाल्यांना हे आपल्याआधी कळलं आहे, म्हणून दुकानात सगळी शहरं नदीचीच.

पण माझं मत सरळ आहे, आणि आमच्या नातेवाइकांत ते फारसं लोकप्रिय नाही. जुना नकाशा नुसता शोभेला लावायचा असेल तर लावूच नये. त्यापेक्षा फुलांचं चित्र लावावं, फुलांना कोणी "वाचलं का?" असं विचारत नाही. नकाशा ही वाचायची वस्तू आहे. तो कोणीतरी पायपीट करून, मोजमाप घेऊन, काहीतरी काम पार पाडायला बनवलेला असतो. तो वाचायचाच नसेल तर पुस्तकांच्या नुसत्या पुठ्ठ्यांनी कपाट सजवण्यातला आणि यातला फरक मला तरी सांगता येत नाही.

आता "ही बाई एवढं बोलते तर हिच्या घरी काय आहे?" असं तुम्ही विचारणारच. सांगते.

गेल्या वर्षी घराला रंग काढला. दार उघडल्यावर स्वयंपाकघराकडे जाणारा जो अरुंद बोळ आहे, त्याची एक भिंत मोकळी झाली. सजावटीचं बघायला आलेला मुलगा उत्साही होता. त्यानं तीन नकाशांचा संच दाखवला, लंडन, पॅरिस आणि न्यूयॉर्क. "हल्ली हेच चालतं, मॅडम." नवरा लगेच तयार झाला (रंगकामाच्या तिसऱ्या आठवड्यात माणूस कशालाही तयार होतो). मी त्या मुलाला विचारलं, "आमचं तिथं कोण आहे?" तो हसला. मी मात्र गंभीरपणे विचारत होते. लंडनमध्ये बारा वर्षं काढलेल्या माझ्या मावसबहिणीनं थेम्सचा नकाशा लावला तर तो तिचा हक्क आहे. ती कुठल्या पुलावरून कामाला जायची ते तिला दाखवता येतं. आमच्याकडे कोणी पाहुणा त्यापुढे उभा राहिला असता, तर मी त्याला काय दाखवणार होते?

आमचं माणूस होतं बनारसला. माझी थोरली आत्या. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती दुर्गाघाटावरच्या एका मराठी घरात गेली आणि चौतीस वर्षं तिथं राहिली. यजमान गेल्यावर ती डोंबिवलीला मुलाकडे आली, पण अजूनही रिक्षावाल्याला "भैया, इस गली में मोड़ो" असंच सांगते. तेव्हा भिंतीवर यायचं तर बनारसनं यायचं, हे मी ठरवलं. आणि बनारसचा जुना नकाशा म्हटला की एक नाव टाळता येत नाही, ते म्हणजे जेम्स प्रिन्सेप.

या माणसाबद्दल थोडं सांगायलाच हवं. प्रिन्सेपचा जन्म १७९९ चा. १८१९ मध्ये तो कलकत्त्याला आला आणि वर्षभरात बनारसच्या टाकसाळीत रुजू झाला. काम काय, तर सोन्याचांदीचा कस तपासायचा. टाकसाळीचं काम सांभाळून उरलेल्या वेळात या तरुणानं अख्खं शहर मोजून काढलं. १८२२ साली त्यानं केलेल्या पाहणीवरून तयार झालेला नकाशा पुढे लंडनमध्ये शिळाछापावर छापला गेला. शहराचं नाव त्यानं 'बुनारस' अशा उच्चाराचं लिहिलं आहे. तेव्हा त्याचं वय होतं तेवीस. आमच्याकडे तेविसाव्या वर्षी मुलं गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायलाही मोबाइलवरचा नकाशा उघडतात. (हे माझ्या लेकासाठी. वाचत असशील तर फोन कर.)

या नकाशाला रोजचा, गटारीचा उपयोग होता, हे मला फार आवडतं. बनारसमध्ये तेव्हा ठिकठिकाणी पाणी साचून राही. प्रिन्सेपनं शहराच्या पोटातून गंगेपर्यंत कमानीचा बोगदा बांधून ते पाणी बाहेर काढलं. कर्मनाशा नदीवर दगडी पूल बांधला. पंचगंगा घाटावरच्या औरंगजेबकालीन मशिदीचे मिनार कलायला लागले होते, तेही त्यानं दुरुस्त केले. आधीच्या अंदाजांत या शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या वर धरली जाई. यानं १८२८-२९ मध्ये नीट मोजणी केली तेव्हा ती सुमारे १ लाख ८० हजार भरली. १८३० मध्ये तो कलकत्त्याला परतला आणि त्याच सुमारास बनारसच्या चित्रांचं त्याचं पुस्तक प्रसिद्ध होऊ लागलं. १८३७ मध्ये त्यानं ब्राह्मी लिपी उलगडली, आणि शतकानुशतकं कोणाला वाचता न आलेले अशोकाचे लेख पुन्हा बोलू लागले. १८४० मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तो लंडनमध्ये वारला. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असूनही कोणाला न वाचता येणाऱ्या गोष्टी वाचण्यात ज्यानं आयुष्य घालवलं, त्याचा नकाशा आपण न वाचता सोफ्याच्या वर टांगायचा, हे काही बरं नाही.

तर हा नकाशा वाचायचा म्हणजे काय करायचं? मी दोन गोष्टी करते. आज आहे ते यात काय नाही, हे आधी बघते. मग यात आहे ते आज काय उरलं नाही, हे बघते.

आधी नसलेल्या गोष्टी. १८२२ च्या बनारसमध्ये गंगेवर आजचा रेल्वेचा पूल नाही, तो १८८७ चा. हिंदू विश्वविद्यालय नाही, ते १९१६ चं. विश्वनाथाच्या शिखरावर सोनं नाही, ते रणजितसिंहांनी १८३० च्या दशकात दिलं. पण अहिल्याबाईंनी बांधलेलं देऊळ आहे, कारण ते १७८० चं. ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडप नाही, तो ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी १८२८ मध्ये उभारला. आणि त्यांचाच सुप्रसिद्ध शिंदे घाट, तोही नाही, कारण तो १८३० चा. मनकर्णिका तांबे अजून जन्मायची आहे.

एवढं वाचल्यावर एक गोष्ट आपोआप डोळ्यांत भरते. हा काठ बांधण्यात आपल्याकडच्या माणसांचा हात किती! दशाश्वमेध घाट पक्का झाला तो अठराव्या शतकात, पेशव्यांच्या पैशानं. अहिल्याबाईंचा घाट आहे, नागपूरकर भोसल्यांचा आहे. मुन्शी घाट बांधणारे श्रीधर नारायण मुन्शी नागपूर दरबारातले. त्याही आधी, सोळाव्या शतकात, पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातल्या नारायण भट्टांनी विश्वनाथाचं देऊळ उभं करण्यात पुढाकार घेतला होता. शिवराज्याभिषेक करणारे गागाभट्ट त्यांच्याच वंशातले. पैठणच्याच एकनाथांनी आपलं भागवत पुरं केलं ते १५७३ मध्ये, काशीत. आणि नकाशाचं साल बघा. पेशवाई बुडाली १८१८ मध्ये. दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ चिमाजीअप्पा त्यानंतर काशीला येऊन राहिले आणि मोरोपंत तांबे त्यांच्या पदरी होते. म्हणजे प्रिन्सेपची माणसं साखळी घेऊन गल्ल्या मोजत होती, तेव्हा त्या गल्ल्यांतल्या काही घरांत राज्य गमावलेली मराठी माणसं बसलेली होती. मोजणारे कंपनी सरकारचे, मोजली जाणारी त्यांचीच वस्ती. शाळेत १८१८ हे साल मी पाठ केलं होतं. त्यानंतर ही माणसं गेली कुठं, हा प्रश्न मला या भिंतीसमोर उभं राहिल्यावर पहिल्यांदा पडला.

आता असलेल्या, पण आज नसलेल्या गोष्टी. या नकाशात शहराच्या आत पाणी आहे. मत्स्योदरी, मंदाकिनी, बेनिया अशी मोठाली तळी आहेत. जुन्या माहात्म्यग्रंथांत मत्स्योदरीचं वर्णन आहे की पावसाळ्यात गंगा फुगली म्हणजे तिचं पाणी उलटं चढून इथं येई आणि तो योग फार पुण्याचा मानत. आज मंदाकिनीचं मैदागिन झालं आहे. चौकाचं नाव मोठं आणि पाणी नावापुरतं. बेनियाची बाग झाली. आणि शहरातला सर्वांत गजबजलेला चौक गोदौलिया. त्याचं नाव म्हणे इथून वाहत जाऊन दशाश्वमेधापाशी गंगेला मिळणाऱ्या 'गोदावरी' नावाच्या ओहोळावरून पडलं. बनारसमध्ये आपली गोदावरी! तिच्यावरून आता रिक्षा धावतात.

यातली मोठी तळी उपसली कोणी? बरीचशी प्रिन्सेपनंच, त्या बोगद्यातून. ज्या माणसानं ती इतक्या काळजीनं आखली, त्यानंच ती रिकामी केली. साचलेल्या पाण्यानं तापाची साथ पसरते, म्हणून केली. त्या काळच्या समजुतीप्रमाणे ते शहाणपणाचं होतं आणि लोकांच्या भल्याचंही होतं. पण तीर्थं गेली ती गेली. या नकाशाकडे बघताना मला दोन्ही गोष्टी एकदम आठवाव्या लागतात, आणि त्यातली एक सोडून दिली तर नकाशा अर्धाच वाचल्यासारखा वाटतो.

दिवाळीत आत्या आली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, तरी बोळात दिवा लावून, भिंग घेऊन ती नकाशापुढे उभी राहिली. इंग्रजी अक्षरं मी वाचायची आणि जागा तिनं सांगायची, असं सुरू झालं. पंचगंगेचा काठ सापडला आणि मग तिला माझी गरजच उरली नाही. तिचं बोट काचेवरून चालायला लागलं. दुर्गाघाटावरून निघायचं, पंचगंगेवरून वर चढायचं, चौखंबा, ठठेरी बाजार, चौक, मग कचोडी गली. "इथं थांबायचं. अगं, दर सोमवारी. सासूबाई थांबायच्या म्हणून मीही थांबायची." कागदावर कचोड्या नव्हत्याच, पण तिचं बोट तिथं खरंच थांबलं.

मग ते बोट विश्वनाथापाशी आलं आणि तिनं विचारलं, "आता इथं काय आहे गं?"

तिला टीव्हीवरून थोडंफार माहीत होतं. मी सांगितलं. मार्च २०१९ मध्ये काम सुरू झालं, १३ डिसेंबर २०२१ ला विश्वनाथ धाम खुलं झालं. मंदिरापासून थेट गंगेपर्यंत मोकळं आवार झालं आहे. त्यासाठी तीनशेच्या वर घरं-दुकानं घेऊन पाडली. लाहोरी टोला म्हणून वस्ती होती, ती गेली. घरांच्या भिंतींआड दडलेली कितीतरी जुनी देवळं त्यात मोकळी झाली.

ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "चांगलं झालं असेल. श्रावणात त्या गलीत म्हाताऱ्या बायका चेंगरायच्या. मी स्वतः पाहिलंय." आणि भिंग माझ्या हातात देत म्हणाली, "पण आता मला तिथं नेऊन सोडलंत ना, तर मी हरवेन."

ही एवढी गोष्ट मला पटवायची होती म्हणून मी हे सगळं लिहायला बसले. ते धाम व्हावं की नको व्हावं, यावर भांडायला या घरात आणि घराबाहेर माणसं पुष्कळ आहेत, त्यांना भांडू दे. माझं म्हणणं एवढंच, की शहर बदलताना एखाद्याची चौतीस वर्षांची वाट मोडते, आणि ती कुठून कुठे जात होती हे सांगायला एक कागद लागतो. पॅरिसच्या प्रिंटपुढे आत्या दोन मिनिटं उभी राहिली असती, "छान आहे" म्हणाली असती आणि चहाला गेली असती.

आता आक्षेपांकडे वळू. घरात नकाशा लागला आणि आक्षेप आले नाहीत, असं आमच्याकडे होत नाही.

पहिला आक्षेप काकांचा. "साहेबाचा नकाशा कशाला? त्यानं तो कंपनीच्या सोयीसाठी काढला. आपल्या लोकांनी काशीचे नकाशे काढले नाहीत का?" काढले ना! १८७६ चा कैलासनाथ सुकुल यांचा 'काशीदर्पण' हा छापील नकाशा प्रसिद्ध आहे. त्यात पंचक्रोशीचा मार्ग आहे आणि देवळांची दाटी आहे. तो यात्रेकरूसाठी आहे. एका देवापासून दुसऱ्या देवापर्यंत कसं जायचं आणि कुठला देव कुठल्या क्षेत्रात बसतो, हे त्याला सांगायचं आहे. प्रिन्सेपला पाणी कुठं तुंबतं ते सांगायचं आहे. एकाच शहराचे हे दोन खरे नकाशे आहेत. काकांचं म्हणणं मला इतपत मान्य आहे, की साहेबाचा तेवढा 'खरा' आणि आपला तो 'चित्रासारखा' असं मनात धरून भिंत सजवू नये. जमलं तर दोन्ही शेजारी लावावेत. आमच्या बोळात जागा नाही, म्हणून दुसरा मी छोटा छापून देव्हाऱ्याच्या खोलीत लावला. काका खूश. :)

दुसरा आक्षेप एका पाहुण्याचा. "काशी म्हणजे पवित्र. तिचा नकाशा चपलांच्या कपाटाशेजारी?" यावर आत्यानंच उत्तर दिलं, "बनारसमध्ये देव, गाय, चप्पल आणि पानवाला एकाच गलीत असतात हो." मी त्यात भर घालत नाही.

तिसरा आक्षेप सजावटवाल्या मुलाचा होता, आणि तो जरा विचार करण्यासारखा होता. "मॅडम, सगळ्यांचंच कुठल्या तरी जुन्या शहराशी नातं असतं का? ज्याचं नाही त्यानं काय करायचं?" माझं उत्तर असं, की नातं जन्मानंच असलं पाहिजे असं नाही. वाचूनही नातं जडतं. १७३९ चा पॅरिसचा तुर्गोचा नकाशा घ्या. वीस कागदांवर छापलेला, जणू पक्ष्याच्या डोळ्यांनी पाहिलेला, त्यात शहराची घरं उभी दिसतात. किंवा टायबरकाठच्या रोमचा १७४८ चा नोल्लीचा नकाशा घ्या. त्यात चर्चच्या आतल्या जागा रस्त्यांसारख्याच पांढऱ्या मोकळ्या सोडल्या आहेत, कारण माणूस तिथंही तसाच आत जाऊ शकतो. एवढी एक गोष्ट जरी कळली, तरी ते रोम तुमचं थोडंसं झालं. पाहुण्याला दाखवायला तुमच्याकडे काहीतरी आलं. ते जर नसेल, तर भिंत मोकळी ठेवली म्हणून कोणी रागावत नाही.

आता ज्यांना असा नकाशा खरंच लावायचा आहे त्यांच्यासाठी, अनुभवाच्या चार गोष्टी.

एक, जागा. सोफ्याच्या वर नकाशा लावू नका. तिथं तो वाचायचा तर माणसाला गुडघे टेकून सोफ्यावर चढावं लागतं. नकाशाची जागा बोळात, जिन्याच्या वळणावर, जेवणाच्या टेबलाशेजारी. माणूस जिथं उभं राहून अगदी जवळ जाऊ शकतो तिथं. मध्यभाग जमिनीपासून साधारण पावणेपाच ते पाच फुटांवर यावा. घरात लहान मुलं असतील तर आणखी थोडा खाली. आमच्या शेजारची सात वर्षांची मुलगी येता-जाता गंगेवरून बोट फिरवते, आणि काचेवर तेवढाच पट्टा कायम मळका असतो. मी तो मुद्दाम रोज पुसत नाही.

दोन, छपाई. बाजारातल्या पुष्कळ प्रिंटा कडेनं कापलेल्या असतात. भिंतीवर 'बसावी' म्हणून शीर्षक, मापाची पट्टी, खुणांची सूची, छापणाऱ्याचं नाव सगळं उडवलेलं. मला एका ऑनलाइन दुकानातून आधी अशीच प्रिंट आली, ती मी परत केली. माप आणि साल नसलेला नकाशा म्हणजे सही नसलेलं पत्र. शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचे नकाशे मोठमोठ्या ग्रंथालयांनी स्कॅन करून ठेवले आहेत. चांगली प्रत मिळवा आणि स्वतः छापून घ्या. दर इंचाला ३०० ठिपके असा हिशेब धरला तर २४ बाय ३६ इंचांसाठी फाइल ७२०० बाय १०८०० ठिपक्यांची लागते. यापेक्षा फार लहान फाइल ताणून छापली की लांबून छान दिसते आणि जवळ गेलं की अक्षरांच्या मुंग्या होतात. फ्लेक्सवर तर छापूच नका, तो वाढदिवसाच्या फलकांसाठी राहू दे.

तीन, रंग. छापणारा विचारतो, "जुना लुक देऊ का?" नको म्हणा. चहात बुडवल्यासारखा रंग चढवला म्हणजे वय वाढत नाही. उलट अक्षरं बुजतात. स्कॅनमध्ये कागद जसा दिसतो तसाच येऊ द्या.

चार, आपली हवा. उन्हाच्या झोतात कुठलीही प्रिंट फिकी पडते, म्हणून खिडकीसमोरची भिंत टाळा. बाहेरच्या बाजूला पाऊस झोडपत असेल अशा भिंतीवरही नको, ओल धरते. फ्रेमच्या मागच्या चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले की भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. काचेला कागद टेकू नये म्हणून मध्ये माउंटची पट्टी हवी. आणि चकाकी न येणारी काच थोडी महाग पडली तरी घ्या, नाहीतर नकाशात शहराऐवजी स्वतःचं तोंड दिसतं.

हा सगळा खर्च मिळून त्या तीन शहरांच्या संचापेक्षा कमी आला, हे नवऱ्याच्या समाधानासाठी इथं नोंदवून ठेवते.

शेवटी एक सुचवते. परदेशातल्या शहरांना माझा विरोध नाही, हे वर सांगितलंच आहे. पण आपल्याकडेही नदीकाठची जुनी गावं काही कमी नाहीत. नाशिक आहे, वाई आहे, पैठण आहे, पंढरपूर आहे, मुठेकाठचं पुणं आहे. गोव्यात मांडवीकाठचं जुनं गोवं आहे. या गावांमध्ये आपली माणसं राहिली, लग्न होऊन आली आणि तिथूनच गेलीही. ज्यांच्या घरी अशी सत्तर-ऐंशीच्या पुढची माणसं आहेत, त्यांनी मिळेल तो जुना नकाशा आधी छापून घ्यावा, फ्रेमचं पुढे बघावं. साधा कागद टेबलावर पसरावा, हातात भिंग द्यावं आणि "तुमचं घर कुठं होतं?" एवढंच विचारावं. त्या सांगतील ते पेन्सिलीनं कडेला लिहून ठेवावं. नकाशा शंभर वर्षांनीही छापून मिळेल. तो वाचून दाखवणारी माणसं तोवर थांबणार नाहीत.

तुमच्या घरच्यांनी कुठलं गाव दाखवलं आणि बोट कुठं थांबलं, ते जरूर कळवा.